चार बोटं शेपूट

थंडी सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी सगळ्यांनी आईच्या घरी जमायचं, हा नियम वडील असल्यापासूनचा. वर्षभर घराघरांत विणलेलं त्या दिवशी बैठकीत ओतायचं, जोड्या लावायच्या, पिशव्या भरायच्या आणि हॉस्पिटलात, निवाऱ्यात, वस्तीतल्या शाळेत पोचवायच्या. आजारपण असो की परीक्षा, या रविवारी कोणी दांडी मारलेली आईला खपत नसे. यंदा धाकटी सून येणार नाही, असं मात्र सगळ्यांनी मनात धरलं होतं. ती आली. नवऱ्याच्या मागोमाग आत आली, भिंतीशी बसली आणि आपली पिशवी न उघडता तिने मांडीवर ठेवली.

कारण गेल्या वर्षीचं होतं. या घरात लोकर तोकडी कापत नाहीत. विणून झालं की शेवटचं टोक चार बोटं लांब ठेवायचं आणि आतल्या बाजूला मोकळं सोडायचं. घरात त्याला शेपूट म्हणतात. हा नियम मोठ्या आईंचा, म्हणजे आईच्या सासूचा. अडचणीच्या दिवसांत त्यांनी एकच लाल लोकर आईच्या तिन्ही मुलांना पुरवली होती, दादाच्या स्वेटरमधून ताईच्या आणि ताईच्या स्वेटरमधून धाकट्याच्या अंगावर नेली होती. शेपूट हाताशी असलं की स्वेटर एका दमात उसवतो. तेच विणीत मुरवून, म्हणजे टाक्यांत दडवून, कापलं, की टोक शोधता शोधता लोकर तुटते. पुढे परक्यांच्या मुलांसाठी विणायला लागल्यावरही आईने नियम तसाच ठेवला. मूल वाढेल, त्याच्या आईला ते उसवून पुन्हा विणता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं, आणि चांगल्या म्हणण्याला विरोध करताना माणूस उगीचच वाईट दिसतो.

धाकटी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. लोंबणारा दोरा दिसला की तिचा हात आपसूक तिकडे जातो. तिने क्रोशाच्या चौकोनांची पाच पांघरुणं केली होती आणि एकूण एक टोक विणीत मुरवून कापून टाकलं होतं. आईने ती हातात घेतली, उलटी केली, शेपूट सापडेना तेव्हा पाचही ढिगातून काढून बाजूला ठेवली. "हे आपल्या घरचं नाही," एवढंच ती म्हणाली. तेव्हा बैठकीत सगळे होते आणि कोणीही ब्र काढला नाही. दादाची बायको, म्हणजे तिची थोरली जाऊसुद्धा, सुतळ्या बांधत राहिली. त्यानंतर वर्षभर धाकटी आईशी फोनवर तब्येतीपुरतं बोलायची आणि फोन नवऱ्याच्या हातात द्यायची.

तर यंदाच्या रविवारी टोप्यांचा ढीग मोजून होत आला होता आणि धाकटा बहिणीची नक्कल करून सगळ्यांना हसवत होता, तेवढ्यात दार वाजलं. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर आल्या होत्या. बारा वर्षं त्या या घरच्या पिशव्या घेत होत्या, पण घरी कधी आल्या नव्हत्या. रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या. त्यांच्या हातात आपल्याच घरची पिशवी होती. यंदा गारठा लवकर पडला म्हणून बाळांचे हातमोजे महिनाभर आधीच पाठवले होते. बासष्ट जोड. ते सगळे परत आले होते.

"बाळ ठीक आहे, आधी ते सांगते," सिस्टर म्हणाल्या आणि मग बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आठवड्याच्या एका बाळाला सकाळी हातमोजे घातले. दिवसभर ते किरकिर करत होतं. दूध घेईना, झोपेना, सगळ्यांना वाटलं पोट दुखत असेल. संध्याकाळी एका शिकाऊ मुलीने सहज हातमोजा काढायला घेतला तर तो निघेना. आतलं लोकरीचं टोक करंगळीला गुंडाळलं गेलं होतं. बाळ जितका हात हलवत होतं तितकं ते आवळत गेलं होतं. बोट काळंनिळं पडलं होतं. लोकर कापली, दोन दिवस डॉक्टर बोटावर लक्ष ठेवून होते, आणि तिसऱ्या दिवशी रंग परत आला. आणखी काही तास गेले असते तर काय झालं असतं, ते सिस्टरांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

त्यांनी पाकिटातून तो हातमोजा काढून चटईवर ठेवला. पिवळा होता, आगपेटीपेक्षा जेमतेम मोठा.

"हातमोजे यापुढे आम्हाला नकोत," त्या म्हणाल्या. "टोप्या गुरुवारपर्यंत हव्यात, वॉर्ड गारठलाय. पण आत एक धागा मोकळा दिसला तरी सगळी पिशवी परत करीन. कोणी विणलं ते मला नका सांगू."

चहा न घेताच त्या गेल्या. दादा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन चपला काढून उंबऱ्याशीच उभा राहिला.

हातमोजा या हातातून त्या हातात फिरू लागला. थोरलीकडे आला तेव्हा तिला तो नीट बघायचीही गरज पडली नाही. तिचा हात सैल. म्हणून सुरुवातीची ओळ ती लोकर दुहेरी घेऊन घालते, म्हणजे काठ पसरत नाही. ही युक्ती तिची तिने शोधली होती आणि तिला तिचा थोडा अभिमानही होता. पिवळ्या हातमोज्याचा काठ दुहेरी होता. बावीस वर्षं ती या घरात होती. तिच्या स्वयंपाकाला, बोलण्याला, मुलं वाढवण्याला आईने नावंच ठेवली होती. विणकाम तेवढं वाखाणलं होतं. आता बोलायला हवं, हे तिला कळत होतं. तिने तोंड उघडलंही, पण ती नुसती हातमोज्याचा काठ सरळ करत राहिली.

"इकडे आण," आई म्हणाली. तिने हातमोजा घेतला, डोळ्यांजवळ न नेता काठावरून अंगठा फिरवला आणि मांडीवर ठेवला. "माझाच आहे हा."

थोरलीने सुतळी उचलली आणि एका पिशवीचं तोंड बांधायला घेतलं.

ताई याच क्षणाची गेले सहा महिने वाट बघत होती, आणि तो असा येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. तिचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर म्हाताऱ्या माणसांना कुठली गोळी सकाळची आणि कुठली रात्रीची ते समजावण्यात तिचा जन्म चाललाय. आईच्या घरी आलं की आई चष्मा पुसते, पुसते आणि पुन्हा पुसते, हे तिने पाहिलं होतं. रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी एका डबीत सापडली तेव्हा तिने दादाला फोन केला होता. दादा म्हणाला होता, वयाचं असतं. म्हणून आज तिने दादाकडे न बघता सरळ आईला सांगितलं.

"आई, आता थांब. तुला दिसत नाही नीट, नाहीतर एवढ्याशा हातमोज्यात चार बोटं शेपूट तू सोडलं असतंस का? मी किती दिवस म्हणतेय."

दादाने मध्ये तोंड घातलं. म्हणाला, एका चुकीसाठी तिच्या हातातलं काम काढून घेशील तर ती दिवसभर करील काय. ताई म्हणाली, बाळाच्या बोटापेक्षा तिचा वेळ जाणं मोठं आहे का. दादा म्हणाला, तू दुकानात लोकांना सांगतेस तसं इथे सांगू नकोस. त्यावर ताईने तो आईला किती वेळा डॉक्टरकडे घेऊन गेला ते विचारलं, आणि बोलणं विणकामावरून कोण आईसाठी काय करतं यावर गेलं. या घरात कुठलंही भांडण दहा मिनिटांत त्या जागी पोचतंच. धाकट्याने काहीतरी विनोद केला. तो कोणालाच ऐकू आला नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

"भांडू नका," आई म्हणाली. तिने शेजारची सुयांची गुंडाळी उचलली. चाळीस वर्षांत जमलेल्या सुया, जाड, बारीक, क्रोशाच्या वेगळ्या, सगळ्या एका जुन्या कापडात कप्पे शिवून ठेवलेल्या होत्या. तिने गुंडाळी बांधली आणि ताईच्या पुढ्यात ठेवली. "घेऊन जा तू. इथे राहिल्या तर हात जाईल माझा त्यांच्याकडे." मग भिंतीला धरून उठली आणि आतल्या खोलीत गेली.

ताईला जे हवं होतं ते मिळालं होतं. गुंडाळी पर्समध्ये बसेना, तेव्हा तिला रडू यायला लागलं.

धाकटी हे सगळं भिंतीशी बसून बघत होती. वर्षभर तिने मनात हा दिवस कितीदा उभा केला होता. आईचं काहीतरी चुकेल, सगळ्यांसमोर चुकेल, आणि मग सगळे आपल्याकडे बघतील. त्या मनातल्या दिवसात बाळाचं बोट नव्हतं. आता सगळे खरोखरच अधूनमधून तिच्याकडे बघत होते, आणि तिला नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. त्यात तिने हातमोज्याचा काठ पाहिला होता. दुसऱ्याची शिवण उसवून पोट भरणारी बाई ती; हे टाके आईचे नाहीत, हे तिला लगेच दिसलं. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीनेही नेमकं तेव्हाच वर पाहिलं, आणि हिला कळलंय हे तिला कळलं.

धाकटीला बोलता आलं असतं. गेल्या वर्षी ही गप्प बसली होती, आज आपण हिचं नाव घ्यावं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण काही गोष्टी ज्याच्या त्यानेच सांगायच्या असतात. ती उठली आणि चहाचे कप विसळायला गेली.

आई पलंगाच्या कडेवर बसली होती. तिचे हात मांडीवर नुसते पडले होते. थोरलीने बावीस वर्षांत ते असे पाहिले नव्हते. लग्नात, दवाखान्यात, सासरे गेले त्या आठवड्यातसुद्धा हातात काही ना काही असायचं. थोरलीने दार लोटलं.

"आई, तो हातमोजा माझा आहे."

"माहीत आहे मला."

"काठावरून कळलं?"

"तुझी वीण मी काळोखातही ओळखीन," आई म्हणाली. "मीच शिकवलीय."

थोरलीला विचारायचं होतं, मग तुम्ही का घेतलंत अंगावर. पण तिच्या तोंडून निघालं ते दुसरंच. "मला बरं वाटलं, आई. तुम्ही माझाच म्हणालात ना, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं मला." आणि ती पलंगाशी खाली बसून रडू लागली.

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांत्वन करणं तिला कधी नीट जमलं नव्हतं. ती नेहमीच्या कोरड्या आवाजात बोलत राहिली. म्हणाली, लग्न होऊन आलीस त्या वर्षी तू एक शेपूट कापलं होतंस. मी तुला सबंध स्वेटर उसवायला लावला. पाहुण्यांसमोर. तू पुन्हा कधी कापलं नाहीस. मग आज कोणाचं चुकलं म्हणायचं?

"म्हातारीच्या नावावर खपून जातं," ती म्हणाली. "तुला मात्र जन्मभर ऐकावं लागलं असतं. या घरात कोणी काही विसरत नाही. मीच शिकवलंय तेही."

थोरली डोळे पुसून उठली. आपण आता काय करणार हे तिने आईला सांगितलं नाही, कारण आईने नको म्हटलं असतं तर ती कदाचित थांबली असती. बैठकीत आली तेव्हा ताई आणि दादा एकमेकांकडे पाठ करून टोप्यांच्या थप्प्या लावत होते. धाकटी हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तो हातमोजा आईंचा नाही," थोरली म्हणाली. "मी विणलेला आहे. मघाशीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मी भ्यायले."

दादा बायकोकडे बघत राहिला. ताईच्या हातातली थप्पी कलंडली. तिला पहिल्यांदा राग आला, आणि तो नेमका कोणाचा ते ठरवायला जरा वेळ लागला. "म्हणजे मी आईला उगीच... वहिनी, तुम्ही समोर बसला होतात," एवढं बोलून ती थांबली. थोरलीने मान हलवली. होय, बसले होते.

"तिला काही बोलू नका," आई दारातून म्हणाली. ती चौकटीला धरून उभी होती. "आणि माझ्यावरून सगळं पुसूनही टाकू नका. ताई, डोळ्यांचं तू म्हणतेस ते खरं आहे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. सांगितलं नाही, कारण तुम्ही सुया काढून घ्याल असं वाटलं."

ताई उठून तिच्याकडे गेली. आईने तिला हाताने थांबवलं. तिला बोलणं पुरं करायचं होतं.

"पाठवायच्या आधी बासष्टच्या बासष्ट जोड मी तपासले. डोळ्यांनी नाही, बोटाने. एकेकात बोट घालून बघितलं, शेपूट आहे ना. बोटाला लागलं की बरं वाटायचं. एक झालं, की पुढचा." ती थोडी थांबली. "त्या पिवळ्यातही लागलं होतं. मी म्हटलं, छान."

तिने हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं; थोरलीने कबूल केलं होतं आणि प्रकरण तिथे मिटलं असतं. पण आई कोणाला अर्ध्यावर सोडणारी नव्हती, स्वतःलाही नाही. ताईने तिला धरून आणलं आणि चटईवर बसवलं. सुयांची गुंडाळी परत द्यायला ती पर्सकडे वळली, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच. उद्या डॉक्टरांकडे ने मला, मग बघू." इतकं सरळ ती कधीच ऐकत नसे, त्यामुळे ताई जास्तच घाबरली.

मग आईने टोप्यांच्या ढिगाकडे तोंड केलं. एकशे चाळीस टोप्या होत्या. प्रत्येकीत चार बोटं शेपूट. गुरुवारपर्यंत त्या आतून स्वच्छ झाल्या नाहीत तर यंदा त्या वॉर्डात या घरचं काहीच जाणार नव्हतं, आणि बहुधा पुढेही नाही. आईने ढिगातली एक टोपी उचलली, उलटी केली आणि विचारलं, "धाकटी कुठे आहे?"

"इथेच आहे," धाकटी दारातून म्हणाली.

"तू ती टोकं मुरवतेस ती कशी, ते मला दाखव. बाकीच्यांनीही बघा."

गेल्या वर्षीच्या पाच पांघरुणांबद्दल ती काही बोलेल, असं धाकट्याला वाटलं. त्याने बायकोकडे पाहिलंही. आई काही बोलली नाही. आईने माफी मागितली असती तर काय म्हणायचं, हे धाकटीने वर्षभर ठरवून ठेवलं होतं. टोक कसं मुरवायचं हे विचारल्यावर काय म्हणायचं, हे ठरवलं नव्हतं. तिने आपली पिशवी उघडली, बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई काढली आणि आईच्या शेजारी येऊन बसली.

शेपूट सुईत ओवायचं. टाक्यांच्या पाठीमागून सहा टाके पुढे न्यायचं, मग दिशा बदलून चार टाके मागे आणायचं, वीण ओढून पाहायची, आणि मगच अगदी लगत कापायचं. धाकटी दुकानात नव्या मुलींना सांगते तसं सांगत गेली. ताईला ते पटकन जमलं. दादाचं सुईत ओवण्यातच अर्धा तास गेला आणि धाकट्याने त्याला त्यावरून पुरतं सोलून काढलं. या वेळी मात्र सगळे हसले. थोरली आपलीच वीण निवडून घेत होती. दुहेरी काठाची टोपी दिसली की ती आपल्या पुढ्यात ओढायची, आणि तिला कोणी अडवलं नाही.

आईला टाके दिसत नव्हते. ती अंगठ्याच्या नखाने एकेक टाका चाचपायची, सुई घालायची, पुन्हा चाचपायची. एका टोपीला तिला जितका वेळ लागला तितक्यात ताईच्या चार झाल्या. तिला मदत करावी असं प्रत्येकाला वाटलं आणि प्रत्येकाने हात आवरला. शेवटी तिने लोकर कापली. आयुष्यात पहिल्यांदा लोकर इतकी लगत कापताना तिने डोळे मिटून घेतले होते. मग टोपी धाकटीच्या हातात दिली.

धाकटीने टोपी उलटी धरली, आत बोट घातलं आणि काठाने फिरवत नेलं. एका जागी तिचं बोट थांबलं. आईचं विणकाम आई सोडून कोणी कधी तपासलं नव्हतं, मोठ्या आई गेल्यापासून तर नाहीच. चालेल, असं म्हणणं सोपं होतं. ताईने डोळ्यांनी तिला तसं खुणावलंही.

"आई, अजून लागतंय," धाकटी म्हणाली. "ही पुन्हा करावी लागेल."

आईने टोपीसाठी हात पुढे केला. "कुठे, ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "बोट धरून ने माझं."

धाकटीने तिचं बोट धरलं आणि टोपीच्या आत, काठाच्या जरा वर, अगदी त्या जागेवर नेऊन टेकवलं. आईने ते तिथे बराच वेळ ठेवलं.

"लागतंय खरं," ती म्हणाली, आणि सुई मागून घेतली.